करंटवर बी चालते का जी?

दारव्हा रस्त्याला जुन्या गाड्या विकणाऱ्या एका आवारात निंबाच्या सावलीला पांढरी हॅचबॅक उभी होती. मागच्या दारावर चकचकीत अक्षरांत 'हायब्रिड' लिहिलेलं. घरचे चौघे गाडीभोवती फिरत होते. मुलगा बॉनेट उघडून पाहत होता, सून मागच्या सीटवर बसून पाय पुरतात का ते बघत होती, आणि धोतर-टोपीतले काकाजी त्या अक्षरांवरून बोट फिरवत उभे होते. "हे करंटवर बी चालते का जी?" त्यांनी विचारलं. "चालते न काकाजी. अर्धी पेट्रोलवर, अर्धी करंटवर." "मंग चार्जिंग कुठं लावाची?" "लावाचं कामच नाही. चालता चालता भरते थे." काकाजींनी मान हलवली. तशाच, पण अक्षरं नसलेल्या दुसऱ्या गाडीपेक्षा हिची किंमत जास्त सांगितली होती, आणि चर्चा आता ती थोडी कमी करण्यावर आली होती. विकणाऱ्याचं शेवटचं वाक्य खरं होतं, त्याआधीचं खोटं. पण त्या घरात कापसाचे पैसे एकदाच येतात आणि गाडी दहा-पंधरा वर्षांसाठी घेतली जाते, म्हणून ते खोटं वाक्य मनातून जात नाही.

ती गाडी एक सेकंदही करंटवर चालत नाही. तिच्यात जे बसवलंय त्याला माइल्ड हायब्रिड म्हणतात. इंजिनवर वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरच्या जागी जरा मोठी मोटर असते, पट्ट्यानं क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याला जोडलेली. ब्रेक लावला की ती मोटर वीज तयार करून लहानशा लिथियम बॅटरीत साठवते, आणि गाडी उचलताना तीच वीज घेऊन इंजिनला काही सेकंद जोर देते. सिग्नलला गाडी थांबली की इंजिन बंद होतं, क्लच दाबला की आवाज न करता चालू होतं. भरली बंडी चढाला लागल्यावर मागून एखाद्या पोरानं हात लावावा, तेवढीच ही मदत. चाकं फिरवायची ताकद त्या मोटरमध्ये नसतेच. कंपनीचे आकडे पाहिले तरी हे कळतं. २०१९ सालच्या मारुती बलेनोमध्ये ही व्यवस्था आली तेव्हा जाहीर केलेलं मायलेज लिटरला २३.८७ किलोमीटर होतं. २०२२ च्या नव्या बलेनोतून ती काढली, तेव्हा मॅन्युअल गिअरचा आकडा २२.३५ झाला. फरक दीड किलोमीटरचा. आणि २०२४ ची स्विफ्ट, जिच्यात भारतात कसलंच हायब्रिड नाही, ती मॅन्युअलमध्ये २४.८० आणि ऑटोमॅटिकमध्ये २५.७५ सांगते. म्हणजे नुसतं इंजिन नीट बांधलं तरी त्या मोटरपेक्षा जास्त हाती लागतं.

खरं हायब्रिड हे वेगळंच यंत्र आहे. टोयोटाच्या पद्धतीत दोन मोटरी आणि एक इंजिन ग्रहांसारख्या फिरणाऱ्या दात्यांच्या एकाच चक्राला जोडलेले असतात. एक मोटर इंजिन चालू करते आणि वीज बनवते, दुसरी चाकं फिरवते. क्लच नाही, स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, नेहमीच्या अर्थानं गिअरही नाहीत. गाडी उभ्या जागेवरून नुसत्या मोटरवर निघते, इंजिन मागाहून, गरज पडली तर येतं. इंजिनही ॲटकिन्सन पद्धतीचं असतं. त्यात हवा आत घेणारी झडप उशिरा मिटते, त्यामुळे त्याला खालच्या वेगाला जोर कमी पण पेट्रोलही कमी लागतं, आणि तो कमी पडलेला जोर मोटर भरून काढते. होंडाची पद्धत निराळी. तिथं गावात-शहरात इंजिन बहुतेक वेळ फक्त वीज बनवतं आणि हायवेवर क्लच लागून थेट चाकांना जोडलं जातं. दोन्हींत ब्रेकच्या पायाखाली आधी मोटर गाडी रोखते आणि पॅड नंतर लागतात. पहिल्यांदा बसणाऱ्याला सगळ्यात जास्त जाणवते ती शांतता. चावी नाही, घरघर नाही, फक्त 'रेडी' असा दिवा लागतो. मग एखाद्या चढावर इंजिन एकदम वरच्या आवाजात बोलायला लागतं आणि वेग मात्र सावकाश वाढतो. गिअरची सवय असलेल्याला वाटतं क्लच घसरतोय. तसं काही नसतं, यंत्राचा तो स्वभावच आहे.

आणि असं हायब्रिड, हॅचबॅकच्या अंगात, आपल्याकडच्या शोरूमला नवं मिळत नाही.

हे ऐकून बरेच जण चकित होतात, कारण जगात हे यंत्र लहान गाडीतच रुळलं. टोयोटाची प्रियस जपानमध्ये डिसेंबर १९९७ ला आली. युरोपात टोयोटाची यारिस आणि होंडाची जॅझ या साध्या कुटुंबाच्या हॅचबॅक आज हायब्रिडमध्ये विकल्या जातात. भारतात २००८ ला होंडाची सिव्हिक हायब्रिड आली, २०१० ला प्रियस आली. दोन्ही बाहेरून आयात, किंमत मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेर. मग २०२२ ला होंडाची सिटी हायब्रिड आली आणि त्याच वर्षी टोयोटाची हायरायडर आणि मारुतीची ग्रँड विटारा ही जोडी आली. हायरायडरमध्ये दीड लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन, ०.७६ युनिटची बॅटरी, जाहीर मायलेज २७.९७. पण या गाड्या लांबीनं चार मीटरच्या पुढच्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे जे नवे दर आले, त्यांत १२०० सीसीपर्यंतची आणि चार मीटरच्या आतली पेट्रोल गाडी, हायब्रिड असली तरी, १८ टक्क्यांत बसते. त्यापुढची ४० टक्क्यांत जाते. विजेवरची ५ टक्क्यांत. म्हणजे लहान हायब्रिडला कराची अडचण उरलेली नाही. अडचण आहे ती दोन मोटरी, बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करणारा इन्व्हर्टर आणि बॅटरी यांच्या किमतीची. दहा लाखांच्या आतल्या गाडीवर हा खर्च चढवला तर ती वरच्या वर्गातल्या गाडीच्या किमतीला जाऊन भिडते. म्हणून शोरूमला 'हायब्रिड हॅचबॅक दाखवा' म्हटलं की समोर येते ती मारुतीच्या फ्राँक्ससारखी हॅचबॅक आणि एसयूव्हीच्या मधली एक लिटर टर्बोवाली, तीही माइल्डच. खरं हायब्रिड हवं असेल तर अंगानं मोठ्या आणि दुप्पटीकडे झुकणाऱ्या किमतीच्या गाडीकडे जावं लागतं.

मग प्रश्न रस्त्याचा येतो, आणि विदर्भात तो तीन-चार प्रकारचा आहे. गाव ते तालुका हा वीस-पंचवीस किलोमीटरचा एकपदरी रस्ता घ्या. समोरून कापसाची बंडी, मागे सोयाबीनची ट्रॉली, दर वस्तीला दोन गतिरोधक, मध्येच म्हशींचा कळप. वेग चाळीस ते साठ. इथं खऱ्या हायब्रिडला थोडं काम मिळतं, कारण प्रत्येक गतिरोधकाला थोडी वीज जमा होते आणि निघताना तीच वापरली जाते. पण गतिरोधकांच्या मधला रस्ता सरळ असतो, तिथं साधं इंजिनही काटकसरीनंच चालतं. नागपुरात सीताबर्डी किंवा अमरावतीत राजकमल चौक, तिथं मात्र या यंत्राचा खरा फायदा आहे. थांब-चाल, थांब-चाल, आणि इंजिन बराच वेळ बंद. समृद्धी महामार्गावर उलटं. तिथं १२० ची मर्यादा आहे, आणि ८० वरून १२० वर गेलं की हवेचा अडथळा सव्वादोन पट होतो. ब्रेक जवळजवळ लागतच नाही, म्हणून वीज जमा होत नाही, इंजिन अखंड चालतं. शंभरच्या आत चालवलं तर हायब्रिड बरं मायलेज देतं, १२० ला जाहीर आकडा विसरावा. ज्या घराची गाडी महिन्यातून दोनदा सेवाग्राम किंवा सावंगीच्या दवाखान्यात आणि वर्षातून तीन-चारदा समृद्धीनं लग्नाला जाणार आहे, त्या घरानं हायब्रिडसाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत असं मला स्पष्ट वाटतं.

घाटाबद्दल एक समज सगळीकडे आहे, की उतारावर बॅटरी भरते म्हणून चिखलदऱ्याला हायब्रिड फायद्याची. हिशोब करून पाहू. गाडी आणि पाच माणसं मिळून साधारण दीड हजार किलो. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे येताना सुमारे सातशे मीटर उतरतो. या उतरणीत सुटणारी ऊर्जा येते तीन युनिटांच्या जवळपास. टायर आणि हवेत तिच्यातली निम्मी गेली तरी दीड युनिट उरते. बॅटरी आहे ०.७६ युनिटची, आणि तीही कधी पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरू दिली जात नाही, मधला पट्टाच वापरात असतो. म्हणजे निम्मा घाट उतरायच्या आतच बॅटरी भरते. त्यानंतर मोटर वीज घेणं थांबवते, इंजिन मोकळं फिरून गाडी रोखायला लागतं आणि आवाज अचानक वाढतो. नवखा माणूस इथं घाबरतो. घाबरायचं कारण नाही, फक्त लिव्हर 'बी' वर, म्हणजे इंजिननं गाडी रोखायच्या जागेवर ठेवायचा, म्हणजे ब्रेकचे पॅड तापत नाहीत. चढताना जे पेट्रोल गेलं त्यातलं उतारावर परत मिळतं ते थोडंच.

आता उन्हाळा. मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी ४५-४६ अंशांवर असतात. उन्हात उभी गाडी आतून साठीपर्यंत जाते, आणि लिथियम बॅटरीचं आयुष्य सगळ्यात जास्त उष्णता खाते. खऱ्या हायब्रिडची बॅटरी अनेक मॉडेलांत मागे असते आणि ती गाडीच्या आतली हवा पंख्यानं ओढून गार होते. मागच्या सीटच्या कडेला किंवा खाली एक जाळी दिसते, ती हवा जायची वाट. आपल्याकडे नेमकं तिथंच सरकीचं पोतं, चादरी, शाळेच्या पिशव्या कोंबल्या जातात. वेचणीच्या दिवसांत कपड्यांना चिकटून आलेला कापसाचा तंतू आणि जिनिंगच्या गावातली धूळ मिळून त्या जाळीमागच्या फिल्टरवर नमदा बसतो. पंखा जोरात ओरडायला लागतो, मग बॅटरी गरम झाल्याचा इशारा येतो आणि गाडी मोटरचा जोर कमी करते. मालक म्हणतो पिकअप गेला. खरं तर फिल्टर काढून झटकला की काम होतं. हिंगणघाट-वणीकडे राहणाऱ्यानं दर सर्व्हिसला तो उघडायला सांगावा, सर्व्हिसच्या यादीत असो वा नसो. दुपारी गाडी काढताना आधी चारही काचा उघडून मिनिटभर गरम हवा जाऊ द्यावी, कारण तुम्ही जी हवा श्वासात घेता तीच बॅटरीही घेते. एसीचा कॉम्प्रेसर इथं विजेवर चालतो, म्हणून इंजिन बंद असतानाही गार हवा येते. बॅटरी उतरली की इंजिन स्वतःहून चालू होऊन ती भरतं आणि पुन्हा बंद होतं. माइल्डमध्ये ही सोय नाही. तिथला कॉम्प्रेसर पट्ट्यावर असतो, मेमध्ये एसी पूर्ण असला की इंजिन सिग्नलला बंदच होत नाही, म्हणजे वर्षातले तीन महिने ती पेट्रोल वाचवणारी युक्ती झोपलेली असते.

पैशाचा हिशोब घरी वहीवर करता येतो. वर्षाचे किलोमीटर भागिले मायलेज, गुणिले पेट्रोलचा दर. शोरूमचा आकडा न घेता टाकीभर ते टाकीभर पद्धतीनं काढलेला घ्या. पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरा, मीटर शून्य करा, तीनेकशे किलोमीटर आपल्याच रस्त्यावर चालवा, त्याच पंपावर त्याच पद्धतीनं परत भरा आणि किलोमीटरला लिटरनं भागा. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे जुन्या आकड्यांतून सहा-सात टक्क्यांपर्यंत वजा होऊ शकतात. समजा साधी गाडी प्रत्यक्षात १८ देते आणि खरं हायब्रिड २३. वर्षाला १२,००० किलोमीटर असतील तर साधीला ६६७ लिटर लागतं, हायब्रिडला ५२२. फरक १४५ लिटरचा. दर १०५ रुपये धरला तर वर्षाला सुमारे १५,२०० रुपये. त्याच आकाराच्या साध्या गाडीपेक्षा हायब्रिडला अडीच लाख जास्त पडत असतील, तर ते वसूल व्हायला सोळा वर्षं लागतील. बॅटरीची हमी टोयोटा-मारुती आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर देतात. म्हणजे हमी संपल्यावर आणखी आठ वर्षं गेली की बरोबरी. वर्षाला ३०,००० किलोमीटर चालवणाऱ्याचा हिशोब वेगळा होतो. त्याचे वर्षाला ३८,००० वाचतात आणि साडेसहा वर्षांत पैसे परत येतात. कर्जावर घेणाऱ्यानं त्या अडीच लाखांचं व्याजही यात मिळवावं, बहुतेक जण ते विसरतात.

बिघाडाचा भाग शोरूममध्ये कुणी सांगत नाही, आणि गावाकडे तोच महत्त्वाचा. खरं हायब्रिड रस्त्यात बंद पडलं तर दोर बांधून ट्रॅक्टरनं ओढायचं नाही. पुढची चाकं जमिनीवर फिरली की मोटर वीज बनवायला लागते, आणि गाडी बंद असल्यानं त्या विजेवर कुणाचा ताबा नसतो, इन्व्हर्टर जळू शकतो. पुढची चाकं उचलून किंवा अख्खी गाडी सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी लागते. गडचिरोलीत सिरोंचा-एटापल्लीकडे असा ट्रक यायला किती वेळ लागेल ते तिथल्या माणसाला सांगायला नको. धक्का मारूनही ती चालू होत नाही, कारण इंजिन आणि चाकं तशी जोडलेलीच नसतात. चालू न होण्याचं कारण मात्र बहुतेकदा साधं असतं. मोठी बॅटरी भरलेली असली तरी संगणक जागा करायला १२ व्होल्टची लहान बॅटरीच लागते, आणि गाडी पेरणीच्या दिवसांत महिनाभर शेडमध्ये उभी राहिली की ती उतरते. आठवड्याला एकदा अर्धा तास 'रेडी' दिवा लावून ठेवावा. नुसती गाणी लावली आणि 'रेडी' केलं नाही तर उलट ती जास्त उतरते. दुसऱ्या गाडीवरून वायर लावून हिला जागं करता येतं, पण हिच्यावरून ट्रॅक्टरला करंट द्यायला जाऊ नका. ही बॅटरी त्या कामाची नाही. माइल्डमध्येही एक गोष्ट सांभाळावी. इंजिन वारंवार बंद-चालू होतं म्हणून तिला त्या कामाची ईएफबी प्रकारची बॅटरी लागते. बाजारातली साधी स्वस्त बॅटरी बसवली की ती लवकर बसते, आणि मग दोष हायब्रिडवर येतो.

पाण्याचंही तसंच. खऱ्या हायब्रिडमध्ये बहुधा इंजिनचं कूलंट वेगळं आणि इन्व्हर्टरचं वेगळं, दोन डबे असतात. दोन्हींची पातळी पाहावी. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये टाकायची सवय जुनीच आहे, आणि त्या क्षारानं साध्या गाडीचे रेडिएटरही गेलेत. इन्व्हर्टरच्या बारीक नळ्यांत ते पाणी कधीच जाऊ देऊ नये, कंपनीचं तयार कूलंटच डिक्कीत एक लिटर ठेवावं. ऑइल झिरो-डब्ल्यू-सोळा अशा पातळ जातीचं लागतं. तालुक्याच्या गॅरेजात ट्रॅक्टरच्या ड्रममधलं जाड ऑइल ओतलं की मायलेज तर जातंच, इंजिनलाही ते सोसत नाही. ब्रेकचे पॅड मोटरमुळे कमी झिजतात हे खरं, पण पावसाळ्यात कमी वापरामुळे डिस्क गंजते आणि कॅलिपरच्या पिना जाम होतात. वर्षातून एकदा चाकं काढून त्या साफ करून घ्याव्यात. आणि उंदीर. धान्याच्या कोठीशेजारी गाडी लावणाऱ्याला हे माहीत आहे. नारिंगी वेटाळणीच्या तारा शेकडो व्होल्टच्या असतात. ती वेटाळणी कुरतडलेली दिसली तर टेप लावायचा नाही, हात लावायचा नाही, गाडी बंद ठेवून सर्व्हिस सेंटरला फोन करायचा. आपल्या मिस्त्रींच्या हाताला जशी जादू आहे तशी कुठं नसेल, कार्बोरेटरच्या काळापासून त्यांनी गाड्या जगवल्यात, पण या तारांसमोर त्यांनाही उभं करू नये.

मापांबद्दल थोडक्यात. ग्रँड विटाराच्या खऱ्या हायब्रिडमध्ये बॅटरीमुळे डिक्की २६५ लिटरची उरते. बलेनोची ३१८, अल्ट्रोजची ३४५, दोन्ही तिच्याहून लहान गाड्या. युरियाचं पोतं ४५ किलोचं असतं, बॅटरीमुळे डिक्कीचा तळ उंच झालेला असतो, उचलून टाकताना कंबर ते सांगते. जमिनीपासूनची उंची मात्र हॅचबॅकची खरी कमतरता. स्विफ्टची १६३ मिलिमीटर, बलेनोची १७०. पाच माणसं बसली की यातलं बरंच खाली जातं, आणि पांदण रस्त्यावर काळ्या मातीच्या चाकोऱ्या वाळून दगड झालेल्या असतात. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर कोणतीच गाडी घालू नये. माइल्डची लहान बॅटरी काही मॉडेलांत पुढच्या सीटखाली असते, म्हणून नळी लावून गाडी आतून धुवायची सवयही सोडावी लागते.

शोरूमला जाताना घरचे सगळे सोबत घ्यावेत आणि गाडी आपल्या रस्त्यावर मागावी. फेरी दुपारी, एसी पूर्ण ठेवून, पाच माणसं बसवून. एक गतिरोधक मुद्दाम सावकाश ओलांडून खाली घासते का ते ऐकावं. विक्रेत्याला चार गोष्टी विचाराव्यात. इंजिन बंद असताना ही गाडी किती अंतर चालते? हायब्रिडच्या बॅटरीची हमी लेखी कुठं आहे आणि त्यात मालक बदलला तर ती पुढे चालते का? हायब्रिडचं प्रशिक्षण घेतलेला मेकॅनिक नागपूर, अमरावती, अकोला की यवतमाळ, नेमका कोणत्या शाखेत बसतो? गाडी उचलून न्यायची सोय आपल्या गावापर्यंत आहे का? पहिल्या प्रश्नाला 'अजिबात नाही' हे उत्तर आलं तर ती माइल्ड आहे, आणि तिच्यासाठी साध्या गाडीपेक्षा पंधरा-वीस हजारांहून जास्त देऊ नयेत.

जुनी माइल्ड हायब्रिड पाहताना पाच मिनिटांची तपासणी पुरते. इंजिन गरम होईपर्यंत चालवा. सगळ्यांनी पट्टे लावा, बॉनेट नीट बंद असू द्या, एसी बंद करा. न्यूट्रलला आणून क्लचवरून पाय काढा. इंजिन बंद व्हायला हवं आणि क्लच दाबताच, स्टार्टरची खरखर न होता, चालू व्हायला हवं. दोन-तीनदा करूनही बंद झालं नाही तर बॅटरी, मोटर किंवा एखादा सेन्सर थकलाय असं धरून सर्व्हिस सेंटरला तपासायला द्या आणि तोवर इसार देऊ नका. बॉनेटखालचा पट्टा बोटानं वळवून पाहा, आतल्या बाजूला चिरा असतील तर बदलायला आलाय. डॅशबोर्डवर चावी फिरवताच सगळे इशारे लागून विझतात का तेही बघा, कारण काही वेळा एखादा दिवा आतून काढूनच टाकलेला असतो. एप्रिल २०२३ च्या आधीची गाडी असेल तर ती वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेली आहे का ते कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा आणि रबराच्या नळ्या तपासून घ्या.

हे सगळं मांडल्यावर माझं मत असं. गावात राहून वर्षाला दहा-बारा हजार किलोमीटर करणाऱ्या घरानं १२०० सीसीची साधी पेट्रोल हॅचबॅक घ्यावी, सहा एअरबॅगची, आणि वाचलेल्या पैशांतून चांगले टायर आणि पूर्ण विमा घ्यावा. सीएनजीचा पंप रोजच्या वाटेवर असेल तर तोही विचार करावा, दोन लहान सिलिंडरची रचना घेतली तर डिक्की बरीच वाचते. खरं हायब्रिड त्यांनी घ्यावं जे रोज नागपूर-अमरावतीसारख्या गर्दीत चाळीस-पन्नास किलोमीटर फिरतात, ज्यांचं सर्व्हिस सेंटर तासाभराच्या आत आहे, आणि ज्यांना तशीही मोठीच गाडी हवी आहे. तशांसाठी ते उत्तम यंत्र आहे, घरी चार्जर नको, लोडशेडिंगची काळजी नको. लहान अंगाचं खरं हायब्रिड उद्या बाजारात आलं तर पहिल्या वर्षी बुकिंग करू नये. एक पूर्ण उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा इथल्या रस्त्यांवर जाऊ द्यावा, मग जवळच्या सर्व्हिस सेंटरच्या फाटकाशी उभं राहून आत आलेल्या मालकांना विचारावं, मेमध्ये पंखा ओरडला का, बॅटरीचा दिवा लागला का, आणि सुटा भाग यायला किती दिवस लागले.